पेनांगला जहाज एक दिवस थांबणार: दमट उकाडा, सासूबाई आणि लांबलचक यादी

रावपुरा_रमा

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सिंगापूरहून जहाजाने निघतोय. वाटेत पेनांगला (जॉर्ज टाउन) एक दिवसाचा थांबा आहे, सकाळी ८ ते संध्याकाळी ५. आम्ही चौघं: मी, हे, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई त्र्याहत्तरच्या, बीपीची गोळी चालू, गुडघे कुरकुरतात पण हळूहळू चालतात. जहाज कंपनीची सहल महाग वाटली, म्हणून आपलं आपण फिरायचं म्हणतोय.

यादी अशी: पेनांग हिल, केक लोक सी देऊळ, खू कोंग्सी (खू या चिनी कुळाची जुनी वास्तू), भिंतीवरच्या चित्रांच्या गल्ल्या, च्यू जेटी, लिटल इंडिया, फोर्ट कॉर्नवॉलिस. तापमान ३२-३३ दाखवतंय. आपल्या बडोद्यात तेव्हा ४२-४३ असतं, म्हणजे तिथे उलट बरंच वाटेल ना? शिवाय आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. काय खावं, काय टाळावं, तेही सांगा.

सयाजीगंज_स्टेशन

रमाताई, ३२ या आकड्यावर विसंबू नका. बडोद्याचा उन्हाळा अंगवळणी पडलेली माणसंच तिथे जास्त फसतात, कारण आपल्या सगळ्या युक्त्या कोरड्या हवेसाठीच्या आहेत.

गणित साधं आहे. तापमापीच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की जो आकडा येतो, तिथपर्यंतच घाम अंगाला गार करू शकतो. बडोद्यात ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता धरली तर हा आकडा साधारण २३ येतो. पेनांगला ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता धरली तर तो २९ येतो. म्हणजे तापमान दहा अंशांनी कमी, पण घामाला काम करायला वावच नाही. घाम येतो, वाळत नाही, टपटप गळतो. गळलेला घाम अंगातलं मीठ-पाणी नेतो आणि गारवा मात्र देत नाही. आपला कूलर मेमध्ये खोली गार करतो आणि जुलैत नुसता चिकचिकाट करतो, तसंच हे.

आता यातून काय काय उलटं होतं ते बघा.

ओढणीने तोंड-डोकं गच्च बांधून स्कूटरवर निघायची आपल्याकडची पद्धत तिथे नको. इथे ती गरम लू अडवते, तिथे घाम वाळायची राहिलेली शक्यताही बंद करते. डोक्यावर ओला पंचा ठेवायचा तर तो वाऱ्यातच ठेवा. हवा स्थिर असेल तर तो तासभर ओलाच राहतो आणि झाकणासारखा बसतो. याउलट हातातला बॅटरीचा छोटा पंखा बडोद्यात ४३ ला गरम हवा फेकतो, पण तिथे हवा त्वचेपेक्षा थंड असते, त्यामुळे तो खरोखर उपयोगी पडतो. सासूबाईंसाठी एक घ्याच, चार्जिंगचा, गळ्यात अडकवायचा नको, हातात धरायचा. थांबायला जागा निवडतानाही नुसती सावली बघू नका, वारा बघा. कोंदट सावलीपेक्षा वाऱ्याची अर्धी सावली बरी.

कपडे: जाड सुती आणि जीन्स दोन्ही नकोत. ओले झाले की वाळत नाहीत आणि मांड्या, काखा घासून सोलवटतात. मलमल किंवा पातळ लिनन, सैल. घासणाऱ्या जागी निघण्यापूर्वी व्हॅसलिन लावा. पावडर घामात लगद्यासारखी होते.

पाणी: तहानेची वाट बघायची नाही. वयस्कर माणसांना तहान उशिरा लागते, हीच मुख्य अडचण. दर वीस मिनिटांनी पेलाभर, म्हणजे १५०-२०० मिली. एकदम अर्धी बाटली घशाखाली घालून उपयोग नाही, आणि तासाला दीड लिटरच्या वर कोणीच पिऊ नये, रक्तातलं मीठ पातळ होतं. ओआरएसचं २०.५ ग्रॅमचं मोठं पाकीट १ लिटर पाण्यासाठी असतं. ते २०० मिलीच्या बाटलीत ओतलं तर पाचपट दाट होतं, जुलाब आणि मळमळ दोन्ही होतं. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

सासूबाईंच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, हे डॉक्टरांना जाण्यापूर्वी विचारा. असेल तर त्या दिवशी गोळी कधी घ्यायची आणि मीठ घातलेलं पाणी किती चालेल, तेही तेच सांगतील. आपल्या मनाने गोळी चुकवू नका.

डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, गार चिकट त्वचा: तिथेच चालणं बंद. आडवं करा, पाय थोडे वर, अंगावर पाणी आणि त्यावर पंखा, दोन्ही एकत्र. नुसतं ओलं फडकं ठेवून या हवेत फार फरक पडत नाही. बर्फ मिळाला तर मान, काखा, जांघा. माणूस असंबद्ध बोलायला लागलं किंवा अंग तापलं आणि शुद्ध हरपायला लागली तर तोंडात काही घालू नका, ९९९ ला फोन.

घड्याळवाला_मांडवी

वरचं सगळं बरोबर. त्यात घड्याळाची एक गोष्ट धरा, दिवसाचा आराखडा तिच्यावरच ठरतो.

मलेशियाचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे लावलेलं आहे. पेनांग १०० अंश पूर्व रेखांशाच्या जवळ, पण वेळ पाळतात १२० अंशांची. त्यामुळे मेमध्ये तिथे सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी सव्वा एकच्या सुमाराला. आपल्याकडे बडोद्यात तो साडेबाराला येतो. म्हणजे तिथले सकाळचे अकरा हे उन्हाच्या हिशोबाने आपले सव्वादहा. सकाळ तुम्हाला वाटते त्यापेक्षा लांब आहे, तिचा पुरेपूर उपयोग करा. आणि उलट, "चार वाजता ऊन उतरेल, मग बाहेर पडू" असं ठरवाल तर ते आपल्याकडच्या सव्वातीनचं ऊन असेल. तुमचं जहाज पाचला सुटतंय, म्हणजे ऊन उतरायच्या आत तुम्ही परत जहाजावर. फिरणं सगळं सकाळीच. सिंगापूर आणि पेनांगची वेळ एकच आहे, त्यामुळे घड्याळ बदलायची भानगड नाही.

जहाज स्वेटनहॅम पिअरला थेट धक्क्याला लागतं, छोट्या बोटीत उतरावं लागत नाही. जॉर्ज टाउनचा जुना भाग गेटाबाहेरच सुरू होतो. खू कोंग्सी, लिटल इंडिया, आर्मेनियन स्ट्रीट हे सगळं साधारण दीड किलोमीटरच्या आत आहे. २००८ साली मलाक्क्याबरोबर या भागाला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, आणि तो मुळात चालत बघायचाच भाग आहे.

सावलीचं म्हणाल तर तिथे एक सोय आहे. जुन्या दुकानघरांचा वरचा मजला पुढे काढलेला असतो आणि खाली सलग पडवी, पाच फूट रुंद, तिला तिथे 'काकी लिमा' म्हणतात. ऊन असो की पाऊस, याच पडवीतून चालायचं. पण सलग म्हटलं तरी ती सलग नाही. प्रत्येक घराचा ओटा वेगळ्या उंचीचा, मध्ये एक-दोन पायऱ्या, कुठे दुकानदाराने मोटरसायकल लावलेली, कुठे शेगडी, मग खाली रस्त्यावर उतरा, परत चढा. कडेला उघडं गटार असतं. जुन्या फरशा गुळगुळीत, पाऊस पडला की घसरड्या. गुडघेदुखीला हे चढउतारच त्रास देतं, अंतर नाही. सासूबाईंना रबरी तळाच्या, मागून पट्टा असलेल्या चपला, आणि काठी वापरत असतील तर काठी.

क्रम असा ठेवा. आठला जहाज लागलं तरी बाहेर पडेपर्यंत पावणेनऊ-नऊ होतात, पहिल्या अर्ध्या तासात जिन्याशी गर्दी असते. गेटाबाहेर व्हिक्टोरिया राणीचा घड्याळाचा मनोरा दिसेल, राज्यकारभाराच्या ६० वर्षांसाठी ६० फूट, जरासा कललेला. बघून पुढे. फोर्ट कॉर्नवॉलिस यादीतून काढा. १७८६ साली फ्रान्सिस लाइट जिथे उतरला ती जागा म्हणून महत्त्व आहे, पण आत मोकळं मैदान आणि तोफा, सावली जवळपास नाही. तिथून सरळ खू कोंग्सीकडे, म्हणजे लांबचं टोक आधी, आणि मग पिअरच्या दिशेने परत येत राहायचं. दमलात तर जहाज जवळ येत असतं, लांब जात नसतं. खू कोंग्सी नऊला उघडतं. पाऊणएक तास पुरतो, छताखालचं लाकडी कोरीवकाम आणि तुळया बघा. मग आर्मेनियन स्ट्रीटची चित्रं (सायकलवरची दोन मुलं तिथेच आहेत, फोटोला रांग असते), मग कपितान केलिंग मशिदीवरून लिटल इंडिया. श्री महामारिअम्मन देऊळ १८३३ चं, क्वीन स्ट्रीटवर. दक्षिणी देवळं दुपारी बंद होतात, त्यामुळे बाराच्या आत. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि अंगणाची फरशी तापलेली असते, पिशवीत मोजे ठेवा.

च्यू जेटी म्हणजे पाण्यावर खांब रोवून बांधलेली वस्ती. लाकडी फळ्या, फळ्यांत फटी, ऊन थेट. ओहोटी असेल तर चिखलाचा वास. मुलाला आवडेल, सासूबाईंना नको.

त्यांच्यासाठी तीनचाकी सायकल रिक्षा (बेचा) घ्या. बसायची जागा पुढे, वर छत्री, वारा समोरून. एक तासाचा भाव बसण्यापूर्वी ठरवा आणि तो माणशी की गाडीचा, हेही विचारून घ्या. वाद नेहमी इथेच होतो.

अलकापुरी_अ

शहराची सकाळ मान्य, पण दुपारी बारा ते तीन करायचं काय? त्याच वेळी पेनांग हिल ठेवा की. वर चार-पाच अंशांनी गार असतं. सव्वासातशे-साडेसातशे मीटर चढलं की तेवढा फरक पडतोच. रुळांवरची केबलची गाडी आहे, १९२३ पासूनची, २०११ मध्ये नवे डबे आले. सुमारे दोन किलोमीटर, पाच-दहा मिनिटांत वर. खाली एर इताम गावात स्टेशन, बसने २०४ नंबर, नाहीतर ग्रॅबने (ॲपवरून मागवायची टॅक्सी) जा. केक लोक सी तिथून जवळच. उकाड्यात गल्ल्यांत भटकण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

घड्याळवाला_मांडवी

अ, पाचला सुटणाऱ्या जहाजासाठी बारानंतर हिल नाही. मागून मोजा. पाचला सुटतं म्हणजे सगळे जहाजावर साडेचारला, काही जहाजं चारलाच म्हणतात. नेमकी वेळ उतरताना जिन्यापाशी लिहिलेली असते, तिचा फोटो काढा. चार धरलं तर पिअरच्या गेटाशी साडेतीनला. एर इतामहून गाडीला अर्धा ते पाऊण तास, शनिवार-रविवारी जास्त. म्हणजे खालच्या स्टेशनातून पावणेतीनला निघायचं. लोक वर जायची रांग मोजतात, खाली यायची विसरतात. गर्दीच्या दिवशी खाली यायला पाऊण तास सहज जातो, म्हणजे दोनला वर रांगेत उभं राहायचं. बाराला शहरातून निघून, वर जायची रांग लावून, वर हातात काय उरलं? वीस मिनिटं. त्यात मेमध्ये दुपारी गडगडाट आणि पाऊस नेहमीचा. वर ढग उतरले की समोर दिसायचंही काही नाही.

शिवाय जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं. स्वतःहून गेलेल्यांसाठी थांबत नाही. सहल महाग असते त्यात हा विमाही धरलेला असतो.

हिल करायचीच तर पहिली करा: नऊला गाडी, दहाच्या आत वर, सव्वाअकराला उतरायच्या रांगेत. मग शहर हातचं जातं, कारण साडेबारा-एकला परत येऊन गल्ल्यांत चालणं म्हणजे भर दुपार. केक लोक सीलाही पायऱ्या आणि चढ आहे. वर कांस्याच्या क्वान यिन मूर्तीकडे जायला तिरकी लिफ्ट आहे, पण तिथवर पोचण्यातच गुडघे संपतात.

रमाताई, तुमच्या घरात दोन गट होतात. मुलगा आणि त्याचे बाबा हिलला, तुम्ही आणि सासूबाई बेचात बसून शहर. भेटायचं जहाजावर, रस्त्यात कुठेही नाही. "घड्याळापाशी बाराला भेटू" असं ठरवलं की एकजण उन्हात उभा राहतो.

अलकापुरी_अ

रांगेचा मुद्दा पटला. मग ग्रॅबबद्दल तरी सांगतो: ॲप आणि नोंदणी बडोद्यातच करून घ्या. ओटीपी भारतीय नंबरवर येतो आणि तिथे रोमिंग बंद असेल तर गाडी बोलावताच येत नाही. पैसे रोखीनेही चालतात, तेव्हा सुट्टे रिंगिट ठेवा. पिअरच्या आत टॅक्सीवाले ठरीव भाव सांगतात. गेटाबाहेर मोठ्या रस्त्यावर येऊन ग्रॅब मागवली तर बहुतेक वेळा स्वस्त पडते. बसमध्ये सुट्टे परत देत नाहीत, नेमकी रक्कम डब्यात टाकायची. जुन्या शहरात फिरणारी कॅट नावाची फुकट बसही आहे, एसी. चालून दमलात तर तिच्यात बसून एक फेरी मारणं ही विश्रांतीच.

शेवउसळ_निष्ठ

खाण्याचं मी सांगतो, कारण इथे "व्हेज" म्हटलं की काम होत नाही.

गडबड मांसाची नसते, ती दिसते तरी. गडबड बेलाचानची. वाळवलेल्या कोळंबीचा आंबवलेला गोळा, तो बहुतेक सांबालमध्ये (मिरचीच्या चटणीत) असतो. भाजी हिरवीगार दिसते, पण परतताना वाळकी कोळंबी किंवा ऑयस्टर सॉस पडतो. पेनांगचं प्रसिद्ध आसाम लाक्सा तर माशाच्या रश्श्याचंच. फळांचं रोजाक सॅलड म्हणून देतात, त्याच्या काळ्या चटणीत कोळंबी. रोटी चनाई बाहेरून परोठ्यासारखी, पण कणकेत कधी अंडं, कधी कंडेन्स्ड मिल्क, आणि सोबतची करी पुष्कळदा माशाची. डाळ वेगळी मागा आणि कणकेत अंडं आहे का हे विचारा. "मांस नको" एवढंच म्हणालात तर मासा-कोळंबी त्यात धरत नाहीत. मांस, मासा, कोळंबी, अंडं अशी चार नावं घेऊन नको म्हणा.

चिनी शाकाहारी हॉटेलं खरोखर शाकाहारी असतात. ताटात बदकासारखं काही दिसलं तरी ते सोया किंवा गव्हाचं, सासूबाईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर ताट तसंच राहील. सगळ्यात सोपं म्हणजे लिटल इंडियातलं तमिळ शाकाहारी हॉटेल, केळीच्या पानावरचा भात. भर उन्हात तळलेलं आणि पोटभर नको. भात, रसम, ताक. रसममध्ये मीठ आणि पाणी दोन्ही जातं, या हवेत यापेक्षा चांगलं जेवण नाही.

चेंडोल खायला हरकत नाही: पांदानच्या पानाच्या हिरव्या शेवया, नारळाचं दूध, ताडगूळ, राजमा, वर खिसलेला बर्फ. मात्र गर्दीच्या ठिकाणीच घ्या. नारळाचं दूध या हवेत दोन-तीन तासांत नासतं. जिथे भांडं सारखं रिकामं होतंय तिथेच ताजं असतं.

ड्युरियन (उग्र वासाचं फळ) खायचा तर बाहेरच. जहाजावर आणू देत नाहीत, गेटावरच काढून घेतात.

सयाजीगंज_स्टेशन

कागदपत्रांचं थोडक्यात. सिंगापूरला परत यायचंय ना? मग सिंगापूरचा विसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, हे छापलेल्या कागदावर वाचून खात्री करा. जहाजाने बाहेर पडून परत येणं ही दुसरी एंट्री धरतात. मलेशियाने भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत विसामाफी दिली आहे. डिजिटल आगमन कार्ड पोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत भरायचं, आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची. उतरताना जहाजाचं कार्ड प्रत्येकाकडे हवं, नऊ वर्षांच्या मुलाकडेही. पासपोर्ट जहाजाने ठेवून घेतला तर प्रत आणि फोनमध्ये फोटो.

रावपुरा_रमा

सगळ्यांचे खूप आभार. हिलचं दोन गटांत करतोय, फोर्ट आणि केक लोक सी काढलं. एकच विचारायचं राहिलं: यांचा मोठा कॅमेरा आहे, तो नेण्यात अर्थ आहे का? पाऊस आणि दमट हवा दोन्ही.

सयाजीगंज_स्टेशन

न्या, पण केबिनच्या एसीतून काढून सरळ बाहेर नेऊ नका. केबिन २१-२२ अंशांवर असते आणि बाहेरच्या हवेत २५-२६ अंशांच्या काचेवरही दव धरतं. त्यामुळे बाहेर काढताक्षणी लेन्स आतून-बाहेरून धुरकट होते. फडक्याने पुसून उपयोग नाही, लगेच परत धरतं, आणि त्याच वेळी लेन्स बदलली तर ओल आत जाते. निघण्यापूर्वी कॅमेरा झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा, वीस-तीस मिनिटं पिशवीतच बाहेरचं तापमान घेऊ द्या, मग उघडा. दव पिशवीवर धरतं, काचेवर नाही. बाल्कनीची केबिन असेल तर नाश्त्याला जाताना पिशवी बाल्कनीत, सावलीत, ठेवून जा. सासूबाईंच्या चष्म्याचंही असंच होतं, आणि ते जिन्याच्या तोंडाशी, एसी संपून ऊन सुरू होतं तिथेच. चष्मा पुसून, दिसायला लागेपर्यंत कठडा धरून उभं राहायला सांगा, मागून कितीही घाई झाली तरी.

परत आल्यावर कपडे बाल्कनीत वाळत घालू नका, रात्रभरात वाळत नाहीत. न्हाणीघरातली ताणायची दोरी असते तीवर टाका आणि दार उघडं ठेवा, केबिनचा एसीच ते वाळवतो.